बाबांचे जांभळे डबे

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"मंजिरी, तुझे केस पांढरे झालेत."

"आज सकाळी नाही झाले, बाबा."

मग त्यांनी दवाखान्याची भिंत पाहिली, नर्सचा गणवेश पाहिला, आणि चंदीगडजवळ झिरकपूरला घरी येईपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक पाटीचा रंग मोठ्याने सांगत आले. एअरपोर्ट रोडवर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळे पाट्या भरपूर झाल्या.

बाबा म्हणजे माझे सासरे, कृष्णकांत. वय एक्क्याऐंशी. भुसावळला रेल्वेच्या डब्यांना रंग देण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि रिटायर झाल्यावर राहवेना म्हणून त्यांनी खेळण्यातले डबे रंगवायला घेतले. "खेळण्यातले" मी म्हणते. ते म्हणतात "मॉडेल". प्लास्टिकचे, वीतभर लांब, नऊ डबे. माझा नवरा नंदकुमार एअर फोर्समध्ये असल्यामुळे दर तीन वर्षांनी घर हलतं. बाकी सामान ट्रकने जातं, हे नऊ डबे बाबांच्या मांडीवरून.

घरात शिरल्यावर ते चपला न काढता शोकेसपाशी गेले. बराच वेळ उभे राहिले. तळहाताने उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं, मग डावा झाकून उजव्याने. पुन्हा तेच. वळले तेव्हा मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते.

"हे कुणी रंगवलं?"

"तुम्हीच."

"मी? हा रंग मी दिला? हा रेल्वेचा निळा आहे?"

"नाही," मी म्हटलं. आता नव्या डोळ्यासमोर काय बोलणार?

तो रंग जांभळा होता. कपड्यांना नीळ जास्त झाल्यावर धोब्याला शिव्या बसतात, तसा. मोतीबिंदूच्या पिवळ्या पडद्यातून बाबांना निळा मळकट दिसायचा, म्हणून ते त्यात आणखी निळा ओतायचे, चिमूटभर लाल ओतायचे, आणि त्यांच्या डोळ्याला बरोबर वाटलं की माझ्यापुढे डबा धरायचे. "जमलाय ना?" मी पोळ्या लाटता लाटता म्हणायचे, "छान जमलाय."

आता यात माझी बाजूही ऐकून घ्या. सासूबाई गेल्यावर बाबा चार महिने कुणाशी धड बोलले नव्हते. मग एके दिवशी त्यांनी ब्रश काढला आणि जुन्या रंगावरच नवा हात मारून पहिला डबा माझ्यापुढे धरला. त्या माणसाला "जांभळा झालाय" म्हणायचं? नाही म्हटलं. आणि पहिल्याला म्हटलं नाही तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने म्हणायचं? असं करत करत नऊ झाले. नंदकुमार तर बघतच नाही. त्याला घरातल्या पडद्यांचा रंग विचारा, तो खिडकीकडे बघून सांगेल.

त्या दिवसापासून बाबांनी मला विचारणं बंद केलं. डब्यांचंच नाही, सगळंच. याआधी दही आंबट आहे का, हा शर्ट या पँटवर चालेल का, बँकेतल्या बाईला काय म्हणू, सगळ्याला मंजिरी. आता ते दही स्वतः चाखायचे, तोंड वाकडं करून खायचे, आणि गप्प. बोलले असते तर भांडले असते. या शांततेशी कसं भांडायचं ते मला येईना. स्वयंपाकघरात मी मुद्दाम भांडी आपटून पाहिली. उपयोग झाला नाही.

महिन्याने त्यांनी नंदकुमारला थिनर आणायला सांगितलं. म्हणजे मला ऐकू जाईल असं.

"प्लास्टिक आहे, बाबा," मी मध्ये पडले. "थिनरने विरघळेल."

"मी लोखंडी डब्यांचे रंग काढलेत."

"ते लोखंडी होते."

त्यांनी ऐकलं नाही. निदान बुडाला लावून बघा एवढं मात्र मान्य केलं. एका डब्याच्या बुडाला कापसाने थिनर लावलं, आणि दोन मिनिटांत तिथलं प्लास्टिक ओल्या पापडासारखं मऊ झालं. बाबांनी ते बोटाने दाबून पाहिलं, बोटाचा ठसा उठला.

"मग काय लावतात?" त्यांनी विचारलं. मला नाही, पंख्याला.

मला माहीत होतं. तीन दुपारी मोबाइलवर बघून शिकले होते. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जाऊन मी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या सहा बाटल्या मागितल्या.

"इतना, आंटी जी?" तो म्हणाला. "पीना तो नहीं है ना?"

"ससुर जी को डुबोना है," मी म्हटलं. तो हसला नाही.

शंकरपाळ्यांचा मोठा डबा मी त्यागला. चाकं आणि काचा आधी काढून ठेवल्या, बाल्कनीची दारं उघडी टाकली, हातमोजे घातले, अल्कोहोल ओतलं, रेल्वेचे दोन डबे आत सोडले आणि झाकण लावलं. बाबा आतल्या खुर्चीतून वर्तमानपत्राच्या वरून बघत होते. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण पान बराच वेळ एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या टूथब्रशने पहिला डबा घासायला घेतला. जांभळा रंग ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा सुटत होता. खिडक्यांच्या कडांना लाकडी दातकोरणी लागत होती. अर्धी बाजू झाली आणि खालून दुसरा रंग निघाला. गडद, शांत, जरासा राखाडीकडे झुकणारा निळा. मी ब्रश थांबवला.

"बाबा, जरा इकडे या."

ते आले. डावा डोळा झाकून वाकले. डबा माझ्या हातातून घेतला, हातमोजे न घालता.

"हा माझा," ते म्हणाले. "भुसावळचा. हा बरोबर आहे."

"हो."

"म्हणजे मला येत होतं."

"येतंच तुम्हाला. डोळा नव्हता फक्त."

"तुला होता ना." ते अजून डब्याकडेच बघत होते. "सहा वर्षं मी तुझ्या डोळ्याने बघत होतो, मंजिरी. आणि तू मला 'छान' म्हणत होतीस. लहान पोराला म्हणतात तसं."

हातमोज्यांवरून अल्कोहोल गळत होतं, मी ते बघत बसले.

खालचा निळाही काढायला हवा होता. प्लास्टिकपर्यंत गेल्याशिवाय नवा रंग बसत नाही, हे त्यांचंच शास्त्र. पहिला डबा मी पांढरा करून दिला. दुसरा अर्धाच घासून ठेवला, अर्धा जांभळा, अर्धा निळा. तेवढा राहू दे, असं वाटलं.

तीन दिवसांनी त्यांनी पहिला डबा नव्याने रंगवला. मी समोर भाजी निवडत होते. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वाळल्यावर तो घेऊन ते खाली गेले. तासाभराने परतले, आणि सरळ स्वयंपाकघरात आले. सव्वा महिन्यात पहिल्यांदा.

"वॉचमन म्हणाला, बहुत बढ़िया. लिफ्टमधल्या सरदारजींनी सांगितलं, कमाल है जी. धोबी म्हणाला, एकदम असली." त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "धोब्याने तर बघितलाही नाही. सगळे खोटं बोलतात."

"म्हातारा माणूस बघून बोलतात."

"तू बोल."

मी हात पुसले. डबा खिडकीपाशी नेला, उजेडात, पण उन्हात नाही. शेजारी तो अर्धा घासलेला डबा ठेवला. मन म्हणत होतं, छान आहे म्हण आणि चहा टाक. सव्वा महिना काढलाय, आता तरी घरात कुणी बोलेल.

"जांभळी झाक आहे," मी म्हटलं. "कमी आहे, पण आहे."

"माझ्या नव्या डोळ्याला दिसत नाही."

"कालवताना तुम्ही दोन्ही डोळे उघडे ठेवलेत. डावा अजून जुनाच आहे. मी समोर बसून बघत होते."

"बघत होतीस आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलत नव्हतात माझ्याशी."

त्यांचा चेहरा लाल झाला. कान तर आधीच. दोन्ही डबे उचलून ते बाल्कनीत गेले आणि मला वाटलं, डबे आता पाचव्या मजल्यावरून खाली जाणार. मी मागोमाग गेले. ते डावा डोळा तळहाताने दाबून दोन्ही डबे पाळीपाळीने बघत होते. बराच वेळ. मग त्यांनी शंकरपाळ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं, नवाकोरा रंगवलेला डबा आत अलगद सोडला आणि झाकण घट्ट दाबलं.

"परवा पुन्हा कालवतो," ते म्हणाले. "तू समोर बसायचं. भाजी नको आणूस."

"आणि बोलायचं कधी?"

"पहिल्या थेंबाला," बाबा म्हणाले. "नवव्या डब्याला नाही."