पेल्यूंच्या घराचे पडदे

आमच्या गावात माणूस गेलं की आधी रस्त्याकडचे पडदे खाली येतात, रडणं-बिडणं त्यानंतर. पडदे खाली दिसले की जाणारा-येणारा टोपी काढतो. केझायाचा जीव याच गोष्टीवर टांगलेला होता, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी ठाण्यात बायकांची झडती घेते. नवरा शिपाई, म्हणून हे काम मिळालं. पेल्यूंची मोलकरीण केझाया ट्रँटर माझ्यासमोर आली तेव्हा तिच्या खिशात एक तुटका कंगवा आणि साखरेचा खडा निघाला. मालक जोसाया पेल्यूंना तिने रात्रीच्या लापशीतून सोमल हे विष घालून मारलं, असा आरोप होता. सोमल दुकानातून तिनेच आणला होता. मालकांच्या बहिणीने, लॅव्हिनियाबाईंनी, तो उंदरांसाठी मागवला असं ती सांगत होती. बाई म्हणाल्या, मी काही मागवलं नाही. झालं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या बाईपुढे मोलकरणीचं कोण ऐकतो?

तपासाला लंडनहून इन्स्पेक्टर गॅड्सबी आले. बुटका, कायम सर्दी झालेला, पेपरमिंटच्या गोळ्या चघळणारा माणूस. टेकडीवरच्या बड्या घरांनी त्यांना पुढच्या दाराने आत घेतलं नाही. पोलीस तो पोलीस, नोकरांच्या दाराने ये म्हणाले. ते मुकाट्याने मागच्या दारी ताटकळत उभे राहायचे, आणि तिथेच त्यांची दूधवाल्या ईलाय कॉबल्डशी गट्टी जमली.

ईलायने गप्पांच्या ओघात सांगितलं, की मालक गेले त्या सकाळी तो चढावर जाताना केझाया दिवाणखान्याचे पडदे वर करत होती आणि तिने त्याला जीभ काढून दाखवली. दूध घालून तो परत आला, तर तेच पडदे खाली. त्याने टोपी काढली.

"आणि पोरगी प्रेत बघून किंचाळली कधी?" साहेबांनी विचारलं.

"ते नंतर. मी कोपऱ्यावर पोचलो तेव्हा. मालकांना दाढीचं गरम पाणी द्यायला वर गेली ना ती."

साहेब ठाण्यात आले ते गोळी चघळायची विसरूनच. म्हणाले, "डॉर्कसबाई, प्रेत कुणी पाहायच्या आधीच दुखवट्याचे पडदे पडले."

मला लगेच उमगलं. घरात केझायाखेरीज दुसरं कोण होतं? लॅव्हिनियाबाई खाली उतरल्या असणार, घरात मेलेला माणूस आणि पडदे वर, हे पाहून हात आपोआप दोरीकडे गेला असणार. सख्ख्या भावाला विष घालायला बाई कचरली नाही, पण लोक काय म्हणतील हे तिला सोसवेना. संताप आला मला.

केझायाला कळलं तेव्हा तिने कितीतरी दिवसांनी पोटभर भाकर खाल्ली. "म्हणजे मी सुटणार ना, बाई?" तिने विचारलं. साहेबांनीच हो म्हणून सांगितलं.

पण आमच्या कायद्याने कोर्टात आरोपीला स्वतःसाठी शपथेवर बोलता येत नाही. सगळी मदार ईलायवर. आणि त्याच आठवड्यात टेकडीवरच्या दोन घरांनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. इतरांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

साक्षीला उभा राहिल्यावर तो म्हणाला, धुकं होतं, पडदे काही नीट आठवत नाहीत. मग टोपी का काढली, असं वकिलाने विचारलं.

"डोकं खाजत होतं, साहेब."

कोर्ट हसलं. सगळे हसतात हे बघून केझायासुद्धा हसली. दुखवट्याच्या टोपीच्या काळ्या जाळीआड लॅव्हिनियाबाईंचं तोंड दिसत नव्हतं. गॅड्सबीसाहेब तेवढे उठून बाहेर गेले.

ज्या सकाळी केझायाला फाशी दिल्याचं काळं निशाण तुरुंगावर चढलं, त्या सकाळी छान ऊन होतं. टेकडीवरच्या एकूणएक घराचे पडदे वर होते, पेल्यूंचेही. मी माझ्या खिडकीचा एकुलता एक पडदा खाली ओढला. नवरा म्हणाला, "लोक विचारतील, कोण गेलं."

"विचारू देत," मी म्हटलं.

कुणीच विचारलं नाही. मग दुधाच्या डब्यांचा आवाज आला आणि आमच्या दारापाशी थांबला. मी फटीतून पाहिलं. ईलाय टोपी काढून, मान खाली घालून उभा होता.

मी दार उघडलं. "काय रे ईलाय, डोकं खाजतंय का?"

तो टोपी हातातच चुरगळत गाडी ढकलत टेकडीकडे निघून गेला.