सोनियाचा शेवटचा अंदाज

मित्रांनो, मी एक जुना रिळाचा डबा आहे. गोल, चपटा, पत्र्याचा. मला पाहून लोक विचारतात, यात चकल्या ठेवता का? राग येतो, पण कुणाला सांगणार! माझ्या पोटात एके काळी वीस मिनिटांचा सिनेमा मावत असे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवते ती लोणंदची टॉकीज. नानासो तिथे ऑपरेटर होते. हात स्वच्छ पुसल्याशिवाय ते मला कधी उघडत नसत. पुढे सिनेमे रिळावर येईनासे झाले, टॉकीजला कुलूप लागले आणि माझे सगळे भाऊबंद भंगारात गेले. मला एकट्याला नानासोंनी बगलेत मारून घरी आणले. शेवटच्या रिळाचा हातभर तुकडाही आठवण म्हणून माझ्यातच ठेवला.

घरी मला नवे काम मिळाले. नानासो, त्यांची बायको शालूबाई आणि सांगलीला दवाखान्यात नर्स असलेली त्यांची एकुलती मुलगी सोनिया, तिघांनाही सिनेमाचे वेड. दर वर्षी मोठे चित्रपट पुरस्कार जाहीर होण्याआधी तिघे आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहीत. चित्रपट, नट, नटी आणि छायाचित्रण, अशी चार नावे. चिठ्ठ्या माझ्यात टाकून झाकणावर चिकटपट्टी फिरवायची आणि निकालाच्या दिवशीच ती काढायची, असा नियम होता. मग टीव्हीसमोर बसून एकेक नाव ताडून बघायचे. हरेल त्याने भडंग आणायचे.

नानासो पडद्यावरचा उजेड बघून मत देत. शालूबाई नटी किती खरी रडली ते बघत. सोनिया मात्र मनाला लागलेल्या सिनेमावर अडून बसायची आणि दर वर्षी हरायची. भडंगाचा पुडा ती सांगलीहूनच घेऊन यायची.

"आबा, परीक्षकांना कळत न्हाई, त्याला मी काय करू?" ती म्हणायची.

एका वर्षी ती एकाच दिवसाची रजा काढून आली. मला मांडीवर घेतले, माझ्या झाकणावर कागद ठेवला आणि चार नावे लिहिली. खाली एक ओळ लिहिली, 'आबा, यंदा भडंग तुमी आणायचं.' नानासो आणि शालूबाईंचे अजून ठरले नव्हते, म्हणून आत तिची एकटीचीच चिठ्ठी पडली. चिकटपट्टी तिनेच फिरवली आणि दुपारच्या गाडीने ती ड्यूटीवर परतली.

मग साथ आली. पुरस्कार लांबणीवर पडले. सोनियाला रजा मिळेना. दुसऱ्या लाटेत रुग्णांची सेवा करता करता तीच आजारी पडली. तिला घरी आणता आले नाही. सांगलीहून फक्त फोन आला.

पुढे पुरस्कार जाहीर झाले. मी टीव्हीशेजारच्या फळीवर होतो. एकेक नाव ऐकत गेलो आणि माझा पत्रा शहारला. सोनियाची चारही नावे बरोबर आली होती.

नानासोंनी मला खाली घेतले, तर शालूबाईंनी झाकणावर हात दाबून धरला.

"आवं, नगा उघडू," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी झाकल्याली हाय तवर तिचा निकाल लागायचाय. उघडली का संपलं."

नानासोंनी मला परत फळीवर ठेवले. त्यानंतर रोज दुपारी शालूबाई मला कानाशी धरून हलवत. आत चिठ्ठी सळसळे. "हाय," असे पुटपुटून त्या मला जागेवर ठेवत. मला त्या शब्दाची भीती वाटू लागली. कारण माझ्या आत काय चालले आहे ते मला ठाऊक होते. दर वर्षी झाकण उघडत होते तोवर त्या फिल्मच्या तुकड्याला वारा मिळत होता. आता तो कोंडला होता. त्याला घाम फुटला, आंबट वाफ सुटली. मला आतून गंज चढला. कागद तांबूस झाला, अक्षरे विरू लागली. आधी ती खालची ओळ गेली, मग नावे. जिची राखण करायची, ती चिठ्ठी मीच खात होतो.

एका दुपारी शालूबाईंनी मला हलवले आणि काहीच वाजले नाही. त्यांनी पुन्हा हलवले. मग मला फळीवर ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. नानासोंना त्यांनी ते कळू दिले नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात नानासोंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही जाईल, असे डॉक्टर म्हणाले.

"शालू," ते म्हणाले, "दिसतंय तवर पोरीचं अक्षर येकदा बघू दे."

शालूबाईंनी स्वतः चिकटपट्टी काढली. गंजलेले झाकण उलथन्याने उचकटावे लागले. आंबट भपकारा आला आणि नानासो मागे सरकले.

"फिल्म आंबली," ते हळू आवाजात म्हणाले. "मीच ठिवली व्हती." टॉकीजमध्ये असताना रिळांना वारा द्या, वारा द्या म्हणून ते सगळ्यांच्या मागे लागत. घरातला एक तुकडा मात्र ते विसरले होते.

शालूबाईंच्या तळहातावर कागदाचा चुरा होता. नानासोंना तिथे नुसता तांबूस डाग दिसला असेल.

"काय लिवलंय?" त्यांनी विचारले.

शालूबाईंनी चुरा डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी चार नावे वाचली. सोनियाला आवडतील अशी, मनानेच.

"किती बराबर आली?"

"येक. तीन चुकली."

"म्हंजी पुन्हा हारली."

"व्हय."

आंबलेल्या कागदावर अक्षर उरत नाही, हे नानासोंना चांगले माहीत होते. तरी त्यांनी मान हलवली आणि डोळे पुसले.

आता मी परसात उन्हात उघडा पडलो आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचे पत्र, फोटो, रीळ बंद करून ठेवले असेल, तर ते उघडा, त्याला वारा द्या, वेळेवर वाचा. आणि कधी लोणंदला आलात, तर नानासो ऑपरेटरांचे घर विचारा. कुणीही दाखवील. मला त्यांच्याशी बोलता येत नाही. तुम्ही त्यांना एवढेच सांगा, की सोनिया हरली नव्हती. तिची चारही नावे बरोबर होती.