बाजूच्या सीटचा ब्रेक

विमान उतरताना आमच्या मास्तरांनी असा काही पाय दाबला, की पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. मी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. मास्तर म्हणजे माझे यजमान. गाडी चालवायला शिकवतात. क्लासच्या गाडीत शिकणारा उजवीकडे आणि मास्तर डावीकडे, आणि मास्तरांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा वेगळा ब्रेक. उभा जन्म त्या सीटवर गेल्यामुळे बस असो की लिफ्ट, काही थांबायचं झालं की यांचा पाय आपोआप दाबला जातो.

मलाही त्यांनीच शिकवलं. म्हणजे शिकवायला घेतलं. परक्या पोरींना "ताई, सावकाश, काही घाई नाही" म्हणणारा हा माणूस बायको स्टिअरिंगवर बसली की तोफखानाच उघडायचा. लायसन्स हातात आलं त्या दिवशी मी ते कपाटात ठेवलं आणि सांगितलं, तुमच्यासोबत पुन्हा गाडीला हात लावणार नाही. शब्द पाळला. ते परगावी गेले की मात्र मी त्यांचीच गाडी काढून दुकानात जाते. हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे, त्यांना सोडून.

दुकान माझं चष्म्यांचं. मी डोळे तपासते, नंबर काढते. मास्तर दरवर्षी माझ्या खुर्चीत बसतात आणि समोरच्या तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ घडाघडा वाचून दाखवतात. "बघ, गरुडाचे डोळे आहेत," असं म्हणून ऐटीत उठतात. मीही गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची.

या सहलीचं खूळ त्यांचंच. क्लासच्या भिंतीवर परदेशातल्या एका रस्त्याचं चित्र आहे. एका बाजूला घनदाट जंगल, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, आणि मधून वळणं घेत गेलेला रस्ता. परीक्षेत नापास होऊन रडणाऱ्या पोरांना ते चित्र दाखवून म्हणायचे, "मला इथे एकदा चालवायचीय. रडून कुणी इथे पोचत नाही." शेवटी लेकीनं सगळं ठरवून दिलं. भाड्यानं गाडी घेताना दुसरा ड्रायव्हर म्हणून माझंही नाव घालायला लावलं. मास्तर हसले. "घाल, घाल. कागदावर बरं दिसतं."

इथे गाड्या आपल्या उलट. स्टिअरिंग डावीकडे, रस्त्याची उजवी बाजू आपली. मास्तर म्हणाले, "मी जन्मभर डावीकडेच बसलोय, मला काय नवीन?" ते खरंच होतं, म्हणून मी गप्प बसले. भाड्याच्या गाडीच्या आवारातून बाहेर पडताना उजवा आरसा खांबाला घासला. "खांब कुठे लावावेत याची अक्कल नाही यांना," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांच्या उजव्या हाताशी ठेवलेला माझा चहाचा कप त्यांनी कोपरानं उडवला. तोही कपाचाच दोष. मी टेबल पुसलं, दुसरा चहा मागवला, आणि झालं. नवरे कप उडवतातच.

तिसऱ्या दिवशी जंगल लागलं. झाडं इतकी उंच, की शेंडा बघायला खिडकीत वाकावं लागे. खोडांवर हिरवं शेवाळ, मधूनच उन्हाची तिरीप. मास्तर खुशीत होते, शीळ घालत होते. तेवढ्यात उजवीकडे, रस्त्याच्या अगदी कडेला, हरणांचं आख्खं कुटुंब उभं दिसलं. मोठा नर, त्याची ती पसरलेली शिंगं, मागे दोन माद्या.

"अहो, बघा बघा!"

"कुठे?"

"ही काय, इथे! हात लांब केला तर लागतील!"

"कुठे गं?" म्हणत ते समोरच बघत राहिले आणि हरणं मागे पडली. हसून म्हणाले, "तुला झाडाच्या फांद्या दिसल्या असतील. चष्मा बदल."

मी नाही हसले. खांब उजवीकडे होता. कपही उजवीकडे.

मग मी जे केलं ते दुकानात रोज करते, पण ऐंशीच्या वेगानं धावणाऱ्या गाडीत कुणी केलं नसेल. केस सारखे केल्यासारखा डावा हात वर नेला आणि त्यांच्या उजव्या कानाच्या रेषेत धरून बोटं हलवली. काही नाही. हात थोडा पुढे आणला. डोळ्याच्या कडेच्या रेषेत. बोटं हलवतेय, अंगठी चमकतेय, आणि मास्तर शीळ घालतायत. अजून पुढे. हात गालाच्या समोर आला तेव्हा ते दचकले. "काय करतेस? माशी आहे का?"

"हो," मी म्हटलं.

काचबिंदूचं हे असं असतं. समोरचं शेवटपर्यंत लख्ख दिसतं; कडा खाल्ल्या जातात, त्याही गुपचूप. तक्ता समोर असतो, म्हणून तक्त्यावर पास. माझ्या खुर्चीत बसून हा माणूस मला दरवर्षी तीच एक ओळ वाचून दाखवत होता आणि मी खूश होत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्याच दुकानात होता.

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

"इथे? वळणावर? रुंद जागा येऊ दे."

नियमानं त्यांचं बरोबर होतं. जंगल संपत आलं होतं, रस्ता अरुंद होत दरीच्या कडेला लागला होता, आणि ती दरी आमच्या उजवीकडे होती. त्यांना न दिसणाऱ्या बाजूला. मी आवाज न चढवता दोनदा सांगितलं. घाबरवलं तर हात हलेल ही भीती. ते म्हणाले, "अगं, थांबतो म्हटलं ना. पोट बिघडलंय का?"

समोरच्या वळणावरून लाकडाचे ओंडके लादलेला लांबलचक ट्रक आला. मास्तरांनी कुणीही घेतली असती तशी गाडी उजवीकडे घेतली. आणि उजवीकडे, कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर, एक बाई सायकल चालवत होती.

माझा पाय खाडकन खाली दाबला गेला. खाली काही नव्हतं. नुसती मॅट.

"ब्रेक!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तो त्यांचा होता, क्लासमधला.

मास्तरांनी ब्रेक मारला. का मारायचा, कुणासाठी, काही न विचारता. गाडी जागच्या जागी थांबली. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. आमच्या आरशात आणि सायकलच्या हँडलमध्ये वीतभर जागा उरली असेल.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं. त्यांना अजूनही माहीत नव्हतं.

बाई सायकलवरून उतरली. वयानं आमच्याएवढी, डोक्यावर हेल्मेट. माझ्या खिडकीपाशी येऊन तिच्या भाषेत बरंच काही बोलली. आम्हाला एक शब्द कळला नाही. मग ती वाकून आत मास्तरांकडे बघू लागली. तिनं दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांना लावली आणि तीच बोटं रस्त्याकडे नेली. हे कळायला भाषा लागत नाही. ती सायकल हातात धरून चालतच पुढे गेली, पुन्हा वर बसायचा तिला धीर झाला नाही.

थोडं पुढे गाडी उभी करण्यापुरती जागा होती. मास्तर सावकाश तिथवर गेले. इंजिन बंद केलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"मी चष्म्याचं दुकान चालवते, मास्तर. भाजीचं नाही."

ते स्टिअरिंगवरचा धुळीचा कण पुसत बसले. मग म्हणाले, "थंडीत कळलं. डॉक्टरांना दाखवलं. थेंब घालतोय. आहे तेवढं टिकेल म्हणाले."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती!"

"मग?" ते म्हणाले, जणू मीच त्यांचा मुद्दा सिद्ध केला. "क्लासमध्ये काही अडचण येत नाही. तिथे मी डावीकडे बसतो. उजवीकडे शिकणारा असतो, तिकडचं तो बघतो."

"आणि त्याला नाही दिसलं तर? मग तुमचा ब्रेक कशाला आहे तिथे?"

मला रडू येत होतं आणि त्यांच्या थोबाडीत द्यावीशीही वाटत होती, दोन्ही एकदमच. ती बाई मेली असती. कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई. आणि या माणसाला तोपर्यंत कळलंच नसतं.

"गाडी गेली तर मी करू काय?" ते हळूच म्हणाले. "तुझ्या दुकानात बसून काचा पुसू?"

"पुसा. जिवंत राहून पुसा." मी हात पुढे केला. "किल्ली."

"तू? या रस्त्यावर? खाली धुकं चढतंय बघ. मुक्काम घाटापलीकडे आहे. वेडी आहेस का?"

"किल्ली."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही. तिचं दुसरं टोक दोन बोटांत तसंच धरून बसले. मी ओढली नाही. थोड्या वेळानं त्यांनी बोटं काढली.

आम्ही सीटा बदलल्या. मी सीट पुढे घेतली, आरसे लावले, पट्टा ओढला.

"सीट तेवढी पुढे लागते तुला," ते म्हणाले. "माहीत आहे मला. मी परगावाहून आलो की गाडीची सीट पुढे ओढलेलीच असायची."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू चालवायची सोडली असतीस."

मी गाडी सुरू केली.

सुरुवातीचं जे झालं त्याला चालवणं म्हणता येणार नाही. धुक्यात समोरचं वळण गिळलं गेलं होतं. मागे एक ओंडक्यांचा ट्रक चिकटला, त्याचे दिवे आरशातून थेट डोळ्यांत. आणि उजवीकडे आमचे मास्तर. "हळू! डावीकडे! अगं फार डावीकडे! दाब, दाब!" प्रत्येक वळणाला त्यांचा पाय खालच्या मॅटवर आपटत होता आणि त्या धप्प आवाजानं माझा हात हलत होता. एकदा ते इतके जोरात ओरडले की मी दचकून स्टिअरिंग फिरवलं. चाक कडेच्या खडीत गेलं. खडी खाली घरंगळल्याचा आवाज आला, आणि कुठे पोचल्याचा आवाज आलाच नाही.

कशीबशी गाडी रस्त्यावर आणली. रुंद जागा दिसताच कडेला घेतली, ट्रकला जाऊ दिलं. मी त्यांच्याकडे न बघता बोलले.

"तुम्हाला दिसत नाही आणि मला ऐकवत नाही. असे दोघं मिळून आपण नक्की खाली जाऊ. एक तर तुम्ही ब्रेक मारा, नाही तर मी गाडी चालवते. दोन्ही एका गाडीत होणार नाही."

"तो काही खरा ब्रेक नाही," ते पुटपुटले.

"मला खराच लागतो."

काचेवर धुक्याचे थेंब जमत होते आणि वायपर ते ओढून नेत होते. मला वाटलं, आता चिडतील, दार उघडून खाली उतरतील. तेवढा अहंकार त्यांच्यात आहे. पण ते म्हणाले, "मला भीती वाटते गं." इतक्या वर्षांत मी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मलाही वाटते," मी म्हटलं, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

ते ओरडले नाहीत. वळण आलं, मी वेग कमी केला, वळवली. पुढचं आलं. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, मधे एकदा तो अडकलाही, पण शब्द आला नाही. पाय आपटल्याचा आवाज केव्हा बंद झाला ते माझ्या ध्यानातही आलं नाही. माझं लक्ष फक्त कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. तो डोळ्यांसमोरून हलू न देता मी खाली खाली उतरत राहिले.

मग एका वळणावर धुकं एकदम संपलं. ऊन आलं. उजवीकडे, खूप खाली, समुद्र पसरला होता. भिंतीवरच्या चित्रातलाच, फक्त चित्रात तो असा हलत नव्हता.

"समुद्र आला," मी म्हटलं.

"कुठे?"

"तुमच्या उजवीकडे. डोळ्यांनी नका शोधू. मान वळवा. पूर्ण."

त्यांनी मान वळवली. खिडकीला कपाळ टेकवलं.

पुढच्या वळणावरून अचानक समोर ट्रक आला, आधीच्यासारखाच, ओंडक्यांनी भरलेला. मी ब्रेक दाबला, कडेचा पट्टा धरला, ट्रक अगदी जवळून निघून गेला. आता धप्प आवाज येणार, आता ओरडणार, म्हणून मी सवयीनं त्यांच्या पायांकडे नजर टाकली.

खाली नुसते बूट होते, एकमेकांना चिकटवून नीट ठेवलेले. मास्तर सीटवर मांडी घालून बसले होते, आणि मान अजून समुद्राकडेच होती.