दाबक्यांनी नको म्हटलेली रेकॉर्ड

"एकदा दाबकेकाकांचा फोन आला. म्हणाले, अरुण, ती नवी बागेश्री घेतलीस ना, ती परत कर. मी म्हटलं, काका, मला आवडलीय. तर म्हणाले, सहा महिने थांब, नाही आवडणार." अरुण पेंडसे माइकपासून जरा बाजूला झाला. "चार महिन्यांतच देऊन टाकली मी."

वेस्ट विंडसरच्या लायब्ररीतल्या त्या खोलीत तीसेक माणसं होती, बहुतेक सत्तरी उलटलेली. सगळी हसली. सुनेत्राही हसली, पण मांडीवरच्या पर्सचा बंद तिने घट्ट धरून ठेवला होता. श्रूजबरीहून पहाटेच निघून तिच्या मुलाने, अमेयने, तिला इथवर आणलं होतं. तो मागच्या रांगेत बसून फोनवर ऑफिसचं काही वाचत होता.

मोरेश्वर दाबके गेले त्याला महिना झाला होता; त्यांच्या आठवणीसाठीच सगळे जमले होते. नोकरी औषधांच्या कंपनीत, केमिस्टची. पण दर तीन महिन्यांनी ते चार पानं स्वतःच्या अक्षरात लिहीत, झेरॉक्स काढत आणि अमेरिकेतल्या दीडशे घरांना पोस्टाने पाठवत. कुठली गाण्याची रेकॉर्ड घ्यावी, कुठली घेऊ नये, आणि का. श्रूजबरीपासून ॲन आर्बरपर्यंत गाण्याचं वेड असलेल्या कुठल्याही मराठी घरात जावं, बेसमेंटच्या फळीवर साधारण त्याच दोनशे रेकॉर्ड्स दिसत. दाबक्यांनी चांगली म्हटलेली रेकॉर्ड लोक भारतातून येणाऱ्याच्या बॅगेतून मागवत. ज्या रेकॉर्डला ते नको म्हणत, ती कुणाच्याच घरी सापडत नसे.

सुनेत्रालाही ऐकायला त्यांनीच शिकवलं होतं. अठ्ठ्याहत्तर साली ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. नवरा रेसिडेन्सीत, घरात बर्फाकडे बघत बसायचं. तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी तिला ती चार पानं दिली. ती वाचून तिला वाटलं, आपल्या घरातलंच कुणीतरी बोलतंय. पुढे चाळीस वर्षं तिने त्या पानांबाहेरची एकही रेकॉर्ड घेतली नाही.

एक सोडून. आणि ती घेतलेली नव्हती, आलेली होती.

तिची थोरली बहीण सरला नागपूरला मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. ब्याऐंशी साली एका लहानशा कंपनीने तिची रेकॉर्ड काढली. पहिली आणि शेवटची. सरलाताईने कुणाबरोबर तरी एक प्रत धाकट्या बहिणीला धाडली. सुनेत्राचा प्लेअर तेव्हा बिघडलेला होता. कुणाकडे जाऊन ऐकता आली असती. पण तिने ती न ऐकताच, बहिणीची म्हणून न सांगता, दाबक्यांना पाठवून दिली. त्यांनी एकदा चांगलं म्हटलं की मग ऐकू, असं तिच्या मनात होतं.

पुढच्या पत्रकात चार ओळी आल्या. 'शिकवून शिकवून थकलेला आवाज. बाईंना राग कळलेला आहे, पण गाताना तो त्यांना सापडत नाही. घेऊ नये.'

सरलाताईची पत्रं येत राहिली. प्रत्येकात शेवटी असायचं, 'तुझ्या त्या दाबक्यांनी काय लिहिलं गं?' सुनेत्रा उत्तर द्यायची, 'अजून नाही लिहिलं.' दोन वर्षांनी ताईने विचारायचं थांबवलं. रेकॉर्ड परत मागायची सुनेत्राला दाबक्यांजवळ सोय नव्हती. काय म्हणून मागणार? अकरा वर्षांपूर्वी ताई गेली. तेव्हापासून मात्र सुनेत्रा ती रेकॉर्ड शोधत होती. कुणाकडेच नव्हती.

चहाच्या वेळी ती दाबक्यांच्या मुलीजवळ गेली. नीना इथेच जन्मलेली, पन्नाशीची. वडिलांचा सगळा संग्रह ती एका युनिव्हर्सिटीला देणार होती.

"सरला बोधनकर," नीनाने लॅपटॉपवर नाव घातलं. "नाही मावशी, लिस्टमध्ये नाहीये. बाबा जे लाइक करायचे नाहीत ते घरात ठेवायचेच नाहीत. गराजमध्ये एक बॉक्स असायचा, त्यात टाकायचे. फ्री टु टेक. आय ॲम सॉरी."

"असू दे गं," सुनेत्रा म्हणाली. "त्यांचा काही दोष नाही."

मागे अरुण पेंडसे हातात कप धरून उभा होता.  सुनेत्रा बाहेरच्या दारापाशी अमेयची वाट बघत थांबली, तेव्हा तो जवळ आला.

"सरला बोधनकर तुमच्या कोण?"

"सख्खी बहीण. मोठी."

अरुणने मान खाली घातली. "माझ्याकडे आहे ती. त्याच बॉक्समधून उचलली होती. कव्हरवरचा त्यांचा चेहरा माझ्या आत्यासारखा वाटला म्हणून. पण काकांनी नको म्हटलेली ना, म्हणून इतकी वर्षं कुणाला दाखवली नाही. काकांना तर नाहीच. इथून दहा मिनिटांवर घर आहे. येता?"

अरुणच्या बेसमेंटमध्ये तेच दोनशे पुठ्ठे ओळीने लावलेले होते. त्याने त्यातला एकही काढला नाही. खाली वाकून इस्त्रीच्या टेबलामागून एक पातळ पुठ्ठा काढला. चाळिशीची सरलाताई, चापून बसवलेले केस, फोटोसाठी ओठ मिटलेले.

"दुसरी बाजू लावू का? मुलतानी आहे," अरुण म्हणाला.

आवाज आला. सुनेत्रा कान देऊन ऐकू लागली, आणि तिचा कान चाळीस वर्षांत जसा घडला होता तसाच ऐकू लागला. सूर लागत होता, पण टिकत नव्हता. ताई चढायला बघायची आणि अर्ध्यावरून, वर्गातल्या मुलींना दाखवावं तसं, नीटनेटकं करून खाली यायची. दाबक्यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं, ऐकू तेव्हा त्यांचा राग येईल. तो आला नाही. ताई आणि दाबके, दोघंही समोर असायला हवी होती, एवढंच तिला वाटलं.

गाणं संपलं. तंबोरा थांबला. अरुणने सुई उचलायला हात पुढे केला नाही. "थांबा," तो म्हणाला. "शेवटी थोडं बोलणं राहून गेलंय. कापायचं विसरले असावेत."

खरखर झाली, आणि मग ताईचा बोलण्यातला आवाज आला, घरातला, जरासा दमलेला.

"बरं नाही झालं. परत घ्यायचं का?"

लांबून कुणीतरी पुरुष म्हणाला, "राहू द्या बाई. वेळ संपली."

 अमेय जिन्याच्या पायरीवर बसला होता, तो उठून उभा राहिला.

"वॉज दॅट मावशी?"

"हो," ती म्हणाली.

अरुणने रेकॉर्ड पुठ्ठ्यात घातली आणि तिच्या हातात दिली. ती नको म्हणाली नाही.

परतीच्या वाटेवर कनेक्टिकट लागल्यावर अमेयने विचारलं, "आई, दॅट क्रिटिक... तो राइट होता का?"

"होता."

"आणि यू नेव्हर टोल्ड हर."

"नाही. मला वाटलं, तिला वाईट वाटेल." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "तिला माहीत होतं रे. तिला फक्त माझ्याशी बोलायचं होतं त्यावर."

पुढच्या रेस्ट एरियात अमेयने गाडी थांबवली. जुलैचं ऊन काचेतून सरळ आत येत होतं. "कॉफी आणतो. तू येतेस आत? जरा पाय मोकळे होतील."

"तू जा. एसी चालू ठेव," सुनेत्रा म्हणाली. "उन्हाने रेकॉर्ड वाकते."

तो गेला. तिने मांडीवरच्या पुठ्ठ्यावर साडीचा पदर दुहेरी करून पसरला, ऊन सरकलं तशी स्वतःही थोडी सरकली, आणि तो येईपर्यंत तशीच बसून राहिली.