मुकादमाचा पत्ता

बायको जाऊन साडेतीन महिने झाले, तेव्हा तिच्या कपाटात मला दुसऱ्या पुरुषाचा सुगावा लागला.

मी तिच्या स्वेटरच्या पिशव्या काढत होतो. खालच्या कप्प्यात एक निळी फाइल होती. तिच्यात नऊ पत्रं आणि दोन छापील फॉर्म होते. पत्रांखाली 'समुपदेशक' असं लिहून सही होती आणि वर आरोग्य केंद्राचा पत्ता होता. पहिलंच पत्र मी उभ्याउभ्या वाचलं.

'गेल्या बुधवारी तुम्ही म्हणालात की मुकादम समोर आला की तुमचा आवाज आधी घशात अडकतो आणि मग पोटात जाऊन बसतो. हा मुकादम घरात पहिल्यांदा कधी आला, आठवतं का?'

मी खाली बसलो. चौथ्या पत्रात होतं, 'मुकादमाबद्दल बोलताना तुम्ही या वेळी पहिल्यांदा हसलात. सगळ्या जणी तुमच्याबरोबर हसल्या.' आणि सातव्यात होतं, 'मुकादम तिथे असताना तुम्ही खाली गेलात आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलात. एवढं धाडस कुठून आलं, हे मला ऐकायला आवडेल.'

मलाही आवडलं असतं.

फॉर्म दोन्ही सारखेच होते, तारखांमध्ये वर्षाचं अंतर. वर छापलं होतं, 'वैवाहिक जीवन: तुमचं मत'. वीस वाक्यं आणि प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. तिने आकड्यांभोवती गोल केले होते. 'माझा नवरा माझं बोलणं पूर्ण ऐकतो.' आधी एक, नंतर तीन. 'घरात मला मोकळं वाटतं.' आधी दोन, नंतर चार. शेवटचं वाक्य होतं, 'पुन्हा निवड करायची झाली तर मी याच माणसाला निवडेन.' आधी दोन. नंतर पाच.

दोन वाचून वाईट वाटलं. पण आग लागली ती पाच वाचून. त्या वर्षात मी काय वेगळं केलं होतं? काहीही नाही. तोच मी, तेच दुकान. मग माझे गुण वाढवले कोणी? बाहेर कुणीतरी तिला खूश ठेवत होता आणि त्याचे गुण माझ्या नावावर जमा होत होते, असं माझ्या डोक्याने घेतलं. मेलेल्या बायकोवर संशय घेणं बरं नव्हे, हे मला कळत होतं. कळून काय उपयोग!

माझा धंदा जळालेल्या मोटारी पुन्हा भरण्याचा. पंख्याच्या, पाण्याच्या पंपाच्या. जळलेली तार काढायची, खाचांत नवा कागद बसवायचा, नव्या तारेची कॉइल करून भरायची, मग वार्निश. दुकान खाली, घर वर. कॉइल करायच्या माझ्या हातयंत्राला वेढे मोजणारी चकती आहे, पण तिचा एक दात कधीचाच तुटलाय. म्हणून मी मनात मोजतो. दोन-चार वेढे चुकले तरी मोटार तापते आणि गिऱ्हाईक परत येऊन डोक्यावर बसतं. मी मोजत असताना कुणी बोललेलं मला चालत नाही.

मी मुलीला फोन केला.

"आई बुधवारी कुठे जायची?"

"गटात. आरोग्य केंद्रात बायकांचा गट आहे ना."

"मला वाटलं शिवणकाम शिकायला जाते."

"बाबा, तिने तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही मोजत होतात म्हणे."

"आणि मुकादम कोण?"

"ते मला नाही सांगितलं. कुठला मुकादम?"

मी फोन ठेवला. कुठला म्हणजे? मला एकच मुकादम माहीत होता. पलीकडच्या रस्त्यावर इमारतीचं काम चालू आहे, तिथला. दर महिन्याला त्याचा पंप जळतो. उंच, मिशा रंगवलेल्या, बोलण्यात साखर. "वहिनी, पाणी देता का जरा?" असं जिन्याकडे बघून म्हणायचा. तिने पाणी दिलेलंही मला आठवत होतं. एकदा तर त्याच्या कुठल्याशा विनोदावर ती हसली होती. तो विनोद मला तेव्हा ऐकू आला नव्हता, कारण मी मोजत होतो.

दोन दिवसांनी तो नेहमीसारखा पंप घेऊन आला.

"शेठ, आपलं हे लाडकं बाळ पुन्हा आजारी पडलं."

"दुसरीकडे न्या."

"का हो? काही चुकलं का?"

"तुम्हाला माहीत."

तो मिशीवरून हात फिरवत बघत राहिला. "वहिनी गेल्या तेव्हा मी गावाला होतो, भेटायला आलो नाही. राग आला असेल तर बरोबर आहे."

"वहिनी कुणाची? तुमची?"

"अहो, म्हणायची पद्धत असते."

"पाणी प्यायचीही पद्धत असते. बाटली आणायची."

तो पंप उचलून निघून गेला. जाताना एकदा वळून बघितलं, माझी कीव केल्यासारखं. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अगदी तसंच वाटलं. त्या दिवशी मी कॉइल करायला बसलो तर तीन वेळा आकडा विसरलो.

बुधवार उजाडायची वाट न बघता मी आरोग्य केंद्रात गेलो. समुपदेशक बाई चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. मी फाइल टेबलावर टाकली.

"या मुकादमाचा पत्ता द्या."

त्यांनी फाइल उघडली नाही. "बसा. तुम्ही मोटारींचं काम करता ना?"

"माझं सोडा. पत्ता."

"तो माणूस नाही."

"मग कोण, देव आहे?"

"आम्ही इथे अडचणीला नाव देतो," त्या म्हणाल्या. "इथे येणारी प्रत्येक बाई आधी म्हणते, माझ्यातच खोट आहे, नाहीतर नवऱ्यात खोट आहे. आम्ही म्हणतो, अडचण म्हणजे तुम्ही नाही आणि तोही नाही. तिला वेगळी काढून समोरच्या खुर्चीत बसवू. नाव देऊ. ती कधी येते, कुणाला गप्प करते, तिला कुणी कधी हरवलंय का, हे विचारू. तुमच्या मिसेसनी स्वतःच्या अडचणीचं नाव मुकादम ठेवलं."

"का?"

"हुकूम सोडतो म्हणून."

"कसला हुकूम? मी कधी आवाज चढवला नाही. हात उगारला नाही. विचारा कुणालाही."

"ते तिनेही सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

मला हायसं वाटायला हवं होतं. माणूस नव्हताच. पण झालं उलटंच. आधी एकाच मिशीवाल्याचा हेवा करायचा होता, आता ही बाई आणि गटातल्या सगळ्या बाया. दीड वर्ष दर बुधवारी माझी बायको यांच्याशी बोलली. जिला मी गप्प स्वभावाची समजत होतो, ती इथे इतकं बोलली की उत्तरादाखल नऊ पत्रं लिहावी लागली.

"तिने काय सांगितलं, ते मला वाचायचंय."

"तिचे कागद मी दाखवू शकत नाही. पण आजारपणात तिने एक निरोप ठेवलाय. तुम्ही स्वतःहून विचारत आलात, तरच. कागद हातात द्यायचे नाहीत, गटात वाचून दाखवायचे. आमची रीत आहे. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. नंतर शाबासकी द्यायची नाही, सफाई द्यायची नाही. एवढंच सांगायचं की कुठलं वाक्य लागलं आणि त्यावरून आपल्याला काय आठवलं."

"आणि मी आलोच नसतो तर?"

"तर कागद इथेच राहिले असते."

बुधवारी गेलो. वरच्या मजल्यावर एक खोली, प्लॅस्टिकच्या आठ खुर्च्या गोल मांडलेल्या. समुपदेशक बाई धरून सात बायका आधीच बसल्या होत्या. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी ज्यांना ओळखत नाही त्या मला अंतर्बाह्य ओळखतात. तसंच होतं ते. रिकामी राहिलेली आठवी खुर्ची माझ्या बायकोचीच असणार, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. मी त्या खुर्चीत बसलो.

वाचायला एक शिंपीण होती. आमच्याच रस्त्यावर तिचं दुकान आहे. बायकोने तिलाच सांगून ठेवलं होतं.

"भाऊ, घाबरू नका," ती म्हणाली. "आम्ही चावत नाही. चावलो तर आधी माप घेतो."

बाया हसल्या. माझी बायकोही तिच्या असल्या बोलण्यावर हसली असणार. मला तेही खुपलं.

शिंपिणीने वाचायला सुरुवात केली. शब्द माझ्या बायकोचे होते, ते लगेच ओळखू आलं. ती 'म्हणजे बघा' असं म्हणायची.

'म्हणजे बघा, आमचं भांडण असं काही नाहीच. सकाळी मी काही सांगायला खाली जाते. ते काम करत असतात. मी तोंड उघडते आणि मुकादम वर येतो. ओरडत नाही. नुसता वर येतो. मी थांबते. मग जिना चढून वर येते तोवर सांगायचं राहून जातं. असं तीस वर्षं. आता मला वाटायला लागलंय की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसेलच.'

मला राहवलं नाही. भांडण नव्हतं तर मग काय होतं, एवढं विचारायचं होतं. पण आधी तिला थांबवायला हवं होतं. म्हणून मी थांबवलं.

शिंपीण गप्प झाली. खोलीतल्या सगळ्याच गप्प झाल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे. माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट वर होतं. मोजताना कुणी आलं की मी ते वर करतो. तीस-एकतीस वर्षं करतोय. ते वर गेलेलं मला कळलंही नव्हतं.

"आला बघा," कोपऱ्यातली एक म्हातारी हळूच म्हणाली. "अगदी ती करून दाखवायची तस्सा."

मी बोट खाली घेतलं. मग हातच मांडीखाली घातला. मला पत्ता हवा होता, तो मिळाला.

शिंपीण पाणी प्यायली आणि पुढे वाचू लागली.

'ताईंनी विचारलं, मुकादम कधी हरला आहे का? मी म्हटलं, कधीच नाही. मग मी विचार केला, ते बोट का वर करतात? आकडा विसरतील म्हणून. मग आकडा मी धरून ठेवला तर? दुसऱ्या दिवशी मी मटारची टोपली घेऊन खाली गेले आणि शेजारी स्टुलावर बसले. त्यांच्याबरोबर मनात मोजायला लागले. दोन-तीन महिने रोज. त्यांना वाटलं मी नुसती बसलेय. मग एक दिवस मी मध्येच हाक मारली. मुकादम वर आला. मी म्हटलं, दोनशे चौदा. बोट खाली गेलं.'

दोनशे चौदा मला आठवत होतं. बायकोने आकडा बरोबर सांगितला होता आणि मी चमकून बघितलं होतं. तिचे ओठ कित्येक दिवस हलताना दिसत होते, मला वाटायचं पुटपुटायची सवय लागली, वय झालं. आकडा कसा कळला, हे मी तिला विचारलंच नाही.

'यंत्र थांबलं. मी एक गोष्ट सांगायला लागले, लहानपणची. त्यांनी विचारलं, मग? मी पुढे सांगितलं. पुन्हा म्हणाले, मग? अकरा वेळा त्यांनी मग विचारलं. मी मोजलं. आता मला मोजायची सवय झाली होती. ते गोष्टीत इतके गुंतले की दोनशे चौदाही विसरले. मीही विसरले, रात्री दोघांना आठवलं. कॉइल पुन्हा पहिल्यापासून करावी लागली आणि ते चिडले नाहीत. ताई, शेवटच्या प्रश्नाला मी पाच दिले ते त्या दुपारचे.'

शिंपिणीने कागद घडी करून मांडीवर ठेवला. समुपदेशक बाईंनी मला विचारलं, "कुठलं वाक्य लागलं?"

मला सफाई द्यायची नव्हती. देण्यासारखी नव्हतीही. मी म्हणालो, "अकरा वेळा मग."

"त्यावरून काय आठवलं?"

"तेच तर. काहीच आठवत नाही. दोनशे चौदा आठवतं. पुन्हा भरलेली कॉइल आठवते, पिठाच्या गिरणीची मोटार होती. तिने काय सांगितलं ते आठवत नाही."

मी पुढे म्हणालो, "मला त्या माणसाचा हेवा वाटतो. त्या दुपारी तिच्यासमोर बसला होता त्याचा. तिने पाच दिले ते त्याला दिले. आणि त्या गाढवाने सगळं हरवून टाकलं."

म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. शिंपीण मात्र माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

"तुम्हाला खरंच नाही आठवत? अहो, आम्हाला सगळ्यांना पाठ आहे ती गोष्ट."

"हो. दिसतंय ते." माझा आवाज कडवट आला, मी तो लपवला नाही. "एकतीस वर्षं माझ्या घरात राहिली आणि गोष्ट तुम्हाला पाठ."

"मग सांगू का नको?"

मला नको म्हणावंसं वाटलं. दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या आवाजात, माझ्या बायकोची गोष्ट. पण आणखी कुठून मिळणार होती?

"सांगा."

"ती सात वर्षांची होती तेव्हा बस स्टँडवर हरवली होती. घरच्यांची बस निघून गेली आणि ही तिकिटाच्या खिडकीपाशी उभी. रडली नाही. आतल्या कारकुनाला म्हणाली, मला आत घ्या, मी तिकिटं फाडून देते."

तिकिटं फाडून देते! अगदी तिच्यासारखं होतं ते. शिंपीण सांगतही छान होती, हात हलवून, कारकुनाचा आवाज काढून. ती गोष्ट तिने किती वेळा ऐकली असेल, याचा मला राग येत होता. डावा हात मांडीखाली मुंग्या येऊन बधिर झाला होता. मी तो तिथेच राहू दिला.

ती थांबली. मी काय करतो ते बघायला थांबली असावी.

"मग?" मी म्हणालो.