निर्व्यसनी

"आजी, आ करा. अजून मोठा. जीभ वर घ्या."

डॉक्टर पोरगी नाजूक होती, पण बॅटरी तोंडात अशी रोखायची की डोळे मिटावेसे वाटत. सायली तिचं नाव. रविवारची वंदना झाल्यावर विहाराच्या हॉलमध्ये आम्ही बायका रांगेनं बसलो होतो. माझ्या पुढच्या सगळ्या जणींचं झालं होतं. प्रत्येकीला तिनं एकच विचारलं होतं, काही व्यसन आहे का, आणि प्रत्येकीनं छाती काढून नाही म्हटलं होतं.

पलीकडच्या टेबलावर हिरव्या कार्डांची चवड घेऊन आमचे मालक बसले होते. बजाजनगरात त्यांना सगळे सांडूदादा म्हणतात. वाळूजच्या कारखान्यात प्रेस शॉपला आयुष्य काढलं, एक बोट तिथंच ठेवून आले. रिटायर झाल्यावर त्यांनी विहाराचं आरोग्य मंडळ उभं केलं. घरटी वर्गणी, हॉलच्या मागच्या खोलीत छोटा दवाखाना, आणि मोठं दुखणं निघालं तर खर्च मंडळाचा. या वर्षीपासून त्यात नवा नियम आला होता, तोही त्यांचाच. जो आपली तब्येत सांभाळील त्याला हिरवं कार्ड, सगळं फुकट. जो व्यसन करील त्यानं आपलं आपण भरायचं.

नियम उगाच केला नव्हता. मागच्या वर्षी मंडळाची सगळी शिल्लक एका दारुड्याच्या लिव्हरवर गेली. माणूस वाचला नाहीच. त्याच महिन्यात आमच्या गल्लीतली विशाखा बाळंतपणात अडली, तर तिच्या नवऱ्याला द्यायला मंडळाकडे काही उरलं नव्हतं. तो पोरगा आमच्या दारात उभा राहिला आणि तसाच परत गेला. मालक त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम मांडला.

हिरव्या कार्डावर नावाखाली एक शब्द छापला होता, 'निर्व्यसनी'. मी पन्नाशीनंतर याच हॉलमध्ये अक्षरं शिकले, जोडाक्षर अजून अडतं. पण तो शब्द मी एका दमात वाचला होता. आपलाच वाटला होता.

"आजी, तंबाखू खाता?" डॉक्टरनं विचारलं. बॅटरी तोंडातून निघाली नव्हती.

"नाय."

"गुटखा, सुपारी?"

"अगं माय, दर रविवारी पाचवं शील घेते मी. नशेच्या वस्तूला हात लावत नाय."

"मिश्री?"

"मिश्री लावते की. दात काय तसेच ठिऊ?"

मागच्या बायका हसल्या. डॉक्टर हसली नाही.

"आजी, मिश्री म्हणजे तंबाखूच."

"तव्यावर जाळून काळा करतो आमी त्याला. जाळल्यावर काय राह्यतं त्याच्यात?"

"सगळं राहतं. डाव्या गालाला आतून पांढरा चट्टा आहे. कधीपासून आहे?"

"तिखट लागतंय दिवाळीपासून. म्हन्लं, मिरचीच तशी असंल."

तिनं आवाज खाली आणला. तुकडा काढून तपासावा लागेल, म्हणाली. बहुतेक ऑपरेशनही लागेल, आणि लवकर. मग तिनं टेबलाकडे पाहिलं. हॉलमधल्या सगळ्यांनीच पाहिलं. माझं कार्ड मालकांनी आदल्या दिवशीच स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं, आणि चवडीच्या खाली सरकवलं.

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. "पुढचं नाव घ्या."

मागं रांगेत चुळबुळ सुरू झाली. हळूहळू तीन-चार बायका पदर सावरत उठून दाराकडे निघाल्या. दात त्याही घासत होत्याच.

घरी आल्यावर रूपानं, आमच्या सुनेनं, चहा ठेवला. मुलगा अतुल कंपनीत होता. कपबशा जरा जास्तच वाजत होत्या.

"बाबा, आईंना तरी सूट द्यायची होती," ती शेवटी म्हणाली.

"हिला दिली तर उद्या कोनाला नाय म्हनू?" मालक म्हणाले. "खर्च मी करीन. फंडाचे पैसे आहेत ते काढीन. पन मंडळाला हात लावनार नाय."

"खर्चाचं नाही हो बाबा. एक विचारते. आईंना तंबाखूचं पान कोण आणून देतं?"

मालकांनी बशी खाली ठेवली. दर महिन्याच्या किराण्यात मीठ, साबण, काड्यापेटी आणि माझी पुडी तेच आणत. पैठणला गेले की तिथल्या बाजारातून मुद्दाम आणत, तिथलं पान चांगलं भाजतं म्हणून.

"मी दात घासायला आनत होतो," ते म्हणाले.

"आन मी काय भाजीत टाकत होते?" मी म्हटलं.

रूपा तोंडाला पदर लावून आत गेली. मला राग नव्हता. लहानपणी आमची माय आम्हा पोरींना निंदायला नेताना बोटावर मिश्री द्यायची. भाकर यायला दुपार व्हायची, तोवर भूक कळायची नाही. दाढ दुखली तरी तेच, झोप आली तरी तेच. पुढं पोट भरायला लागलं, पण बोट काही थांबलं नाही. त्याला व्यसन म्हणतात हे कुणी सांगितलंच नव्हतं. व्यसन पुरुषांना असतं, आणि ते घराबाहेर असतं, एवढंच आम्हाला ठाऊक.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक होती. बायकांनी त्या बैठकीला जाऊ नये असं काही नाही, पण कुणी जात नसे. मी गेले. कमरेला डबी होती.

"गीता, तू काहून आलीस?" मालकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"वर्गणी मी बी भरते. बसा."

पुरुष पंधरा-वीस होते. मी डबी मधल्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. पंखा चालू होता. भाजलेल्या मिश्रीचा वास एकेकाच्या नाकापर्यंत जाताना दिसत होता. जो तो खुर्चीत थोडा हलला.

"वळखला का वास?" मी म्हटलं. "ज्याच्या मायनं ही लावली नाय त्यानं हात वर करा."

एकही हात वर गेला नाही.

मंडळाचा सचिव इंद्रजीत, इंजिनिअर पोरगा. रोज पहाटे साजापूरपर्यंत पळून येतो. तो उभा राहिला. "गीतामावशी, राग मानू नका. पण मग सांभाळणाऱ्यानं काय करायचं? मी तेलकट सोडलं, साखर सोडली. रोज पळतो. आणि वर्गणी कुणाच्या गुटख्याची भरायची?"

"पळतोस, त्याचं तुला काय मिळालं?"

"म्हणून तर म्हणतो. काय मिळालं?"

"ही छाती मिळाली की. झोप लागती, खाल्लेलं पचतं. आता तुला दवाखाना बी फुकट पायजे. तिथं तू जानार कवा?"

हॉल हसला. इंद्रजीतही हसला, पण बसला नाही. "आणि उद्या माणूस मुद्दाम पिऊन आला तर? विशाखाच्या वेळेसारखं परत झालं तर?"

मी मान हलवली. "तुजं खरं हाय बाबा. तवा पैसा कमी पडला, ते वाईटच झालं. पन त्याच्यासाठी वर्गनी वाढवा, माझ्याकडून दुप्पट घ्या. मानसं कशाला चाळता? मागच्या रविवारी रांगेतून चार जनी उठून गेल्या, आ न करता. त्यांच्या गालात काय हाय कोन बघनार? त्या आता दुखलं तरी नाय म्हनतील. तुमच्या कार्डानं त्यांचं व्यसन नाय सुटलं, तोंड तेवढं मिटलं."

मग मालक उठले. मला वाटलं आता नियम वाचून दाखवतील. ते टेबलापाशी आले, डबी उचलली, नाकाजवळ नेली.

"मपली माय गेली," ते म्हणाले, "तवा तिच्या गालाला भोक पडलं होतं. पानी पाजलं की बाहेर यायचं. आमी म्हन्लं, दाढ सडली. गावात सगळ्यांनी तेच म्हन्लं. आजवर मी बी तेच म्हनत होतो."

त्यांनी झाकण लावलं. चार बोटांच्या त्या हाताला ते एकदा लागेना, मी हात पुढं केला नाही. लागलं. मग त्यांनी टेबलावरच्या कार्डांच्या चवडीच्या तळातून माझं कार्ड काढलं, खिशातला पेन काढला, आणि 'निर्व्यसनी' या शब्दावर आडवी रेघ मारली. माझ्या हातात न देता त्यांनी दुसरं कार्ड उचललं, त्यावरही मारली. मग तिसऱ्यावर. इंद्रजीतनं अर्धी चवड आपल्याकडे ओढली आणि स्वतःचा पेन काढला.

वर्गणी वाढली. दोन घरं रागावून मंडळातून निघाली, त्यांना मी दोष देत नाही. पळणाऱ्यांचा भीमजयंतीला टोपी-टॉवेल देऊन सत्कार करायचा असं ठरलं, आणि पहिला टॉवेल इंद्रजीतला. त्या चार बायकांना मी घरी जाऊन घेऊन आले. एकीचा हात धरून ओढावं लागलं. डॉक्टरनं सगळ्यांचे गाल बघितले. एकीला औषध दिलं, बाकीच्या सुटल्या.

माझं ऑपरेशन झालं. वेळेवर सापडलं, असं डॉक्टर म्हणाली. आतून गालाचा तुकडा गेला. आता तोंड दोन बोटांएवढंच उघडतं. भाकर दुधात कुस्करून खाते. सकाळी अजूनही हात कमरेला जातो. तिथं काही नसतं, मग पदर नीट करते.

टाके सुटल्यावरच्या रविवारी मी वंदनेला गेले. मालक पुढं बसून शीलं सांगतात, मागून आम्ही म्हणतो. पहिली चार मी कशीबशी ओढली. पाचवं, नशा न करण्याचं, सगळ्यांत जड, त्यात नुसती जोडाक्षरं. इतकी वर्षं ते मी कधी थांबून म्हटलं नव्हतं. मालकांनी नेहमीसारखं पूर्ण सांगितलं नाही. अर्धंच सांगितलं आणि थांबले. हॉलनं म्हटलं. हॉलचं म्हणून झालं, तरी ते पुढं गेले नाहीत. मान खाली घालून बसले. कुणी मागं वळून बघितलं नाही, कुणी खोकलं नाही. एकटा माझा आवाज चालला होता, एकेका अक्षराला धरून.

माझं झालं. मग त्यांनी पुढचं अर्धं सांगितलं.