येळवशीची भाजी

अण्णारावांची बायको शिवम्मा श्रावणात गेली. गच्चीवरचे तिचे वाफे मात्र अण्णारावांनी मरू दिले नाहीत. रोज सकाळी पाणी घालायचं, पिवळी पानं काढायची, तेवढं त्यांना जमत होतं.

सोलापूरच्या त्या इमारतीतल्या सगळ्यांची शेतं गावाकडं राहिलेली. म्हणून मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवशीला, शेताऐवजी पूजा या वाफ्यांचीच व्हायची. शिवम्माच्या बिनऔषधाच्या भाज्या एका पातेल्यात पडायच्या, त्यांची भज्जी व्हायची आणि सगळी घरं गच्चीवर जेवायची.

यंदा येळवस जवळ आली आणि वालाच्या वेलावर काळा मावा चढला. वांग्यांना भोकं पडली. बायको गेली आणि गच्चीही गेली, असं लोक म्हणतील, हे अण्णारावांच्या मनानं घेतलं. त्यांनी दुकानातून औषध आणलं आणि दुपारी सगळे झोपलेले बघून फवारलं. मावा गेला, वेल तरारला.

"शिवम्माचा हात अजून फिरतोय बगा हितं," शेजारची गौरम्मा म्हणाली, तेव्हा ते नुसते हसले होते. ते हसणं त्यांना रोज टोचत होतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी गौरम्मा पाटी घेऊन भाजी काढायला वर आली. बरोबर सून ऋतुजा. तिला पाचवा महिना. तिनं वालाची कोवळी शेंग तोडली आणि तशीच तोंडाकडं नेली. माझ्या वेलाचं काय धुवायचं, म्हणत शिवम्मानंच तिला ही सवय लावली होती.

"टाक ती," अण्णाराव ओरडले.

ऋतुजाच्या हातून शेंग पडली. "काय झालं काका?"

"औषध मारलंय त्यावर. चारच दिवस झाले."

गौरम्मानं पाटी खाली ठेवली. "अन् उद्या आमी सगळी हितं जेवणार हुतो. कदी सांगणार हुता भाऊजी? आमी हात धुतल्यावर?"

"मावा लई झाला होता. म्हटलं, शिवम्माचं नाव जाईल."

"मावा काय यंदाच आला व्हय? दरसाली यायचा. आमी दोघी बसून हातानं पुसायचो, किडकं कापून टाकायचो. तुमाला ताटात निवडलेलं मिळायचं. त्यात नाव कशाचं जातंय?"

अण्णारावांना आठवलं, शिवम्मा वर असायची तेव्हा ते खाली टीव्हीसमोर असायचे. एवढा वेळ वर काय करतेस, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"ऋतुजा, साबणानं हात धू जा," गौरम्मा म्हणाली.

"मी मंडईतनं भाजी आणतो."

"आणा. पण आधी खालच्या घरांत जाऊन सांगा. तुमच्या वतीनं मी तोंड उघडणार न्हाय."

पहिलं दार धनलक्ष्मीनं उघडलं. उद्याच्या आंबिलीचं पीठ कालवता कालवता आली होती.

"काढली का भाजी, अण्णा? यंदा लई आलीय म्हणं."

"आलीय," अण्णाराव खाली बघत म्हणाले. "पण खायची न्हाय. मी औषध मारलंय."

धनलक्ष्मीनं पिठाचे हात पदराला पुसले. ते तिथंच उभे राहिले, ती काय म्हणेल ते ऐकायला.